काटा साठवर, कॅमेरा एकाहत्तरवर: वीस वर्षांच्या एका मारुती ८०० चे प्रकरण

डिसेंबर २००५ मध्ये सांगलीत नोंदणी झालेली एक मारुती ८०० अजूनही आपल्या पहिल्याच मालकाकडे आहे. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन, चार गिअर, एमपीएफआय (संगणकाच्या हुकमाने पेट्रोलचा फवारा सोडणारी) इंधनप्रणाली आणि दरवाज्यांच्या खालच्या कडेला दोनदा पत्रा लावून रंगवलेली पट्टी, एवढे तिचे वर्णन पुरेसे आहे. मालक शासकीय नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ असून कॉलनीत सगळे त्यांना अण्णा म्हणतात. गाडीची निगा ते मनापासून राखतात. ऑइल वेळेवर बदलले जाते, कूलंटच्या टाकीचे झाकण दर आठवड्याला उघडून पाहिले जाते आणि प्रत्येक कामाची पावती एका जाड फाइलमध्ये तारखेनुसार लावलेली असते. पुढे जो उलगडा झाला तो या फाइलशिवाय झाला नसता, म्हणून तिचा उल्लेख आधीच केलेला बरा.

खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. या गाडीचे पहिले नूतनीकरण २०२० मध्ये झाले होते आणि दुसरे २०२५ च्या डिसेंबरात येणार होते. त्याच्या तयारीसाठी एजंटाने गाडीचा क्रमांक ई-चलानच्या संकेतस्थळावर टाकला, तेव्हा आठ महिन्यांपूर्वीचे एक थकीत चलान समोर आले. एका चौपदरी महामार्गाच्या घाट उतारावर, जिथे मोटारींना ताशी ६० किलोमीटरची मर्यादा आहे, तिथे ही गाडी ७१ च्या वेगाने जाताना टिपली गेली होती. सोबत छायाचित्र होते, त्यात नंबरप्लेट स्वच्छ दिसत होती आणि दंड होता २,००० रुपये. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८३ खाली हलक्या वाहनाला एक ते दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात मोटारीसाठी त्यातली वरची रक्कम आकारली जाते.

अण्णांचा राग रकमेवर नव्हता. त्यांचे म्हणणे असे होते की त्या दिवशी ते स्वतः गाडी चालवत होते, घाटात शिरताना त्यांनी मुद्दाम वेग कमी केला होता आणि काटा साठच्या पुढे गेलेलाच नव्हता. रस्त्याच्या कडेला तिरपा बसवलेला कॅमेरा वेग वाढवून दाखवत असणार, कॅमेऱ्याची सूचना देणारा फलक तिथे दिसलाच नाही आणि आठ महिन्यांत कोणी एका शब्दाने कळवले नाही, या तीन तक्रारी त्यांनी त्याच दमात जोडल्या. मी अनेक वर्षे तंत्रनिकेतनात मोटार अभियांत्रिकी शिकवली असल्याने त्यांनी फाइल घेऊन माझ्याकडे येणे स्वाभाविक होते. "तुम्ही मला तक्रारीचा मसुदा लिहून द्या, चांगला कडक," एवढीच त्यांची अपेक्षा होती. या चार तक्रारींपैकी कोणती टिकते आणि कोणती पहिल्याच उत्तरात कोसळते हे ठरवल्याशिवाय कडक मसुद्याला काही अर्थ नव्हता, म्हणून सुरुवात गाडीपासून केली.

पहिल्या तक्रारीबद्दल एक गोष्ट आधीच सांगणे भाग होते. स्वतःच्या गाडीचा मीटर कमी वेग दाखवत होता, हा बचाव होत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११७ प्रमाणे गाडीला वेगमापक असणे बंधनकारक आहे आणि तो ठीक ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. मर्यादा रस्त्यावरच्या प्रत्यक्ष वेगाला लागू होते, काट्याला नव्हे. तरीही काट्याचा प्रश्न सोडून देता येत नव्हता, कारण गाडी जर खरोखर दहा-अकरा किलोमीटर कमी दाखवत असेल, तर पुढचे चलान फार लांब नव्हते.

नव्या गाडीत असे सहसा घडत नाही. वेगमापकासंबंधीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ मध्ये असे ठरले आहे की दाखवलेला वेग प्रत्यक्ष वेगापेक्षा कधीही कमी नसावा. जास्त असला तर प्रत्यक्ष वेगाचा दहावा हिस्सा अधिक चार किलोमीटर, इथपर्यंत चालेल. म्हणजे गाडी खरोखर १०० च्या वेगाने जात असताना काटा ११४ दाखवू शकतो, पण ९९ दाखवू शकत नाही. कंपन्या काटा थोडा पुढे ठेवतात तो याच कारणाने. "मीटर नेहमी जास्तच दाखवतो" ही चालकांमध्ये रूढ असलेली समजूत म्हणूनच नव्या गाडीपुरती बरोबर आहे. वीस वर्षांच्या गाडीत तिच्यावर विसंबणे धोक्याचे असते, कारण मूळ राखीव फरक या ना त्या दुरुस्तीत केव्हाच खर्ची पडलेला असतो.

तो कुठे खर्ची पडला याचा पहिला धागा फाइलमध्ये सापडला. तीन वर्षांपूर्वी चारही टायर बदलले होते आणि पावतीवर आकार लिहिला होता १४५/८० आर १२. मारुती ८०० चा मूळ आकार १४५/७० आर १२ आहे. १४५/८० हा ऑल्टोचा आकार. रिंग दोन्हींची बारा इंचांची, रुंदीही तीच, फरक फक्त टायरच्या उंचीत (मधला ७० किंवा ८० हा आकडा रुंदीच्या किती टक्के उंची ते सांगतो), त्यामुळे टायर विनातक्रार बसतो. शिवाय गाडी जमिनीपासून जवळपास दीड सेंटीमीटर वर उचलली जाते, म्हणून ८०० बाळगणाऱ्यांमध्ये हा बदल बराच लोकप्रिय आहे. अण्णांच्या गावाकडच्या रस्त्यावर मनाला येईल तसे घातलेले गतिरोधक आहेत आणि जुन्या टायरांवर गाडीचे पोट त्यांना घासत असे. दुकानदाराने ऑल्टोचा टायर सुचवला, घासणे थांबले आणि सगळे खूश झाले. हिशेब मात्र कोणी केला नाही. १४५/७० टायरचा व्यास साधारण ५०८ मिलिमीटर भरतो आणि १४५/८० चा ५३७. व्यास ५.७ टक्क्यांनी वाढला, की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी तेवढीच अधिक पुढे जाते. मीटरला मात्र फेरेच कळतात, अंतर कळत नाही.

दुसरा धागा आणखी मागे, पाच वर्षांपूर्वीच्या पावतीत होता. त्या वेळी काटा थरथरू लागला होता. गॅरेजने आधी मीटरची केबल बदलली, थरथर गेली नाही, मग जुन्या बाजारातून आणलेला मीटर बसवला. पावतीवर फक्त "मीटर जुना, चालू" असे लिहिलेले आहे. पहिल्या खर्चाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तो अनेकांच्या वाट्याला येतो. गिअरबॉक्समधला छोटा दंतचक्राचा भाग केबलला फिरवतो आणि केबल मीटरच्या आतल्या दांड्याला फिरवते. केबलचे एक टोक जेवढे फिरते तेवढेच दुसरे टोक फिरते, मध्ये घसरायला जागाच नसते. केबल कोरडी पडली तर काटा थरथरेल, तुटली तर तो शून्यावर पडून राहील, पण केबलमुळे वेग नियमितपणे कमी दिसत राहणे शक्य नाही.

आता मोजणी. मोबाइलवरच्या जीपीएसचा वेग सपाट, सरळ रस्त्यावर आणि स्थिर वेगात बऱ्यापैकी विश्वसनीय असतो; घाटाच्या वळणांवर तो मागे पडतो. म्हणून घाटात न जाता सांगलीबाहेरच्या एका सरळ पट्ट्यावर पहाटे जायचे ठरले. अण्णा चालवणार, मी शेजारी बसून आकडे लिहिणार आणि मोबाइलवर विसंबून न राहता किलोमीटरच्या दगडांवरून घड्याळ लावून पडताळा घेणार, अशी विभागणी झाली. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. अण्णांनी काटा ६० वर धरून ठेवला, तेव्हा एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत ५३ सेकंद लागले, म्हणजे गाडी ६८ च्या आसपास होती. जीपीएसवर खरा वेग ६० दिसत असताना काटा ५३ वर होता. काटा ४० वर असताना खरा वेग ४५ भरला. चूक सगळीकडे एकाच प्रमाणात होती, ठरावीक चार-पाच किलोमीटरची नव्हती, हे महत्त्वाचे. काटा आपल्या शून्यापासूनच सरकलेला असता तर फरक सर्व वेगांना सारखाच आला असता.

मग त्याच पट्ट्यावर अंतराचा आकडा पाहिला. दगडांप्रमाणे २० किलोमीटर झाले, तेव्हा मीटरवरचे अंतर १८.९ ने वाढले होते. म्हणजे अंतर साधारण साडेपाच टक्के कमी आणि वेग जवळपास बारा टक्के कमी. या दोन आकड्यांतला फरकच या प्रकरणाची किल्ली ठरला. जुन्या, केबलवर चालणाऱ्या मीटरमध्ये अंतराचे आकडे दंतचक्रांवर फिरतात, काटा मात्र चुंबकाच्या ओढीवर उठतो. टायर मोठा झाला की दोन्ही वाचने एकाच प्रमाणात कमी होतात. अंतरापेक्षा वेग अधिक कमी दिसत असेल, तर जास्तीचा दोष मीटरच्या पोटात आहे. अंतराची तूट टायरच्या हिशेबाशी तंतोतंत जुळत होती. उरलेली साडेसहा टक्क्यांची तूट जुन्या बाजारातल्या त्या "चालू" मीटरची होती.

मीटर खोलल्यावर ते दिसलेही. आत केबलच्या टोकाला एक छोटा चुंबक फिरतो आणि त्याच्यावर, त्याला स्पर्श न करता, अॅल्युमिनियमची एक पातळ वाटी टांगलेली असते. चुंबक फिरू लागला की वाटीत विद्युतप्रवाहाचे भोवरे उठतात आणि ते वाटीला चुंबक फिरतो त्या दिशेने ओढतात. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला परत खेचते, आणि या ओढाताणीत वाटी जिथे स्थिरावते तिथे काटा थांबतो. स्प्रिंग सैल पडली तर काटा जास्त वर जातो. चुंबकाचा जोर ओसरला तर काटा कमी वर जातो, तोही सगळ्या वेगांना सारख्याच प्रमाणात. इथे चुंबकाच्या कडेला गंजाचा तांबूस थर होता आणि मीटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराने तो नुसता बोटांत धरून, टाचणी जवळ नेऊन, "दम गेलाय याचा" असा निकाल दिला. तंत्रनिकेतनातल्या कोणत्याही अहवालापेक्षा तो निकाल संक्षिप्त होता आणि आमच्या आकड्यांशी जुळत होता.

त्या दिवशी घाटात काटा कुठे होता, हे आता काढता येत होते. खरा वेग ७१ असेल तर या मीटरवर तो ६३ च्या जरा खाली दिसणार. ८०० च्या मीटरचा काटा जाडसर असतो, तो थरथरतोही, आणि चालकाच्या डोळ्याला साठ आणि बासष्ट यांच्यात फरक दिसत नाही. अण्णा खोटे बोलत नव्हते. तरी दोन-तीन किलोमीटर उरतात, आणि काटा अगदी बरोबर असता तरी ते साठच्या वर गेलेच असते, हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते आवडले नाही.

उरलेल्या त्या दोन-तीन किलोमीटरांचे कारण चौकशीत निघाले, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत गंभीर बाब तीच होती. उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची अण्णांची जुनी सवय आहे. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडे पेट्रोल वाचल्याचे समाधान तरी मिळे. एमपीएफआय इंजिनात हिशेब उलटतो: गाडी गिअरमध्ये असताना पाय अॅक्सिलरेटरवरून काढला, की उतारावर चाकेच इंजिनाला फिरवतात आणि संगणक इंधनाचा फवारा बंद करतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळतच राहते. शिवाय इंजिनाचा अवरोध नाहीसा झाल्याने गाडीला आवरण्याचे सगळे काम ब्रेकवर पडते. ८०० ला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत, मजबूत आहेत, पण लांब उतारावर सतत पाय ठेवला की ते तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे लागते. फाइलमध्ये त्याची शेवटची पावती चार वर्षांपूर्वीची होती, इतकी काटेकोर फाइल असूनही.

वेगातला हा फरक "फक्त अकरा किलोमीटर" नव्हे, हेही आकड्यांत मांडून दाखवले. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ६० च्या ठिकाणी ७१ असेल तर ब्रेकला चाळीस टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते. चालकाच्या प्रतिसादाचा दीड सेकंद धरला आणि कोरड्या, पाच टक्के उताराच्या रस्त्यावर बेताचे चांगले ब्रेक आहेत असे मानले, तर ६० ला गाडी साधारण ५० मीटरमध्ये थांबते आणि ७१ ला साधारण ६५ मीटर घेते. वळणापलीकडे बंद पडलेला ट्रक उभा असेल तर ते पंधरा मीटर म्हणजे तो ट्रकच.

कॅमेऱ्याच्या तिरपेपणाबद्दलचा समज याच्या तुलनेत झटपट निकालात निघाला. रस्त्याकडेला स्थिर उभे राहून मोजणारे रडार किंवा लेझरचे यंत्र गाडीच्या वेगाचा आपल्या दिशेने येणारा भागच मोजते. कोन जसा वाढतो तसा हा भाग घटतो. दहा अंशांचा कोन असेल तर वाचन दीड टक्क्याने कमी येते, जास्त नाही. म्हणजे तिरपेपणाचा फायदा असलाच तर तो चालकाला मिळतो. जर्मनीत दंड आकारण्याआधी १०० पर्यंतच्या वेगातून तीन किलोमीटर यंत्राच्या संभाव्य चुकीपोटी वजा करतात. तीच सवलत इथे लावली तरी ६८ उरतात. ही तक्रार मसुद्यातून वगळावी असा मी आग्रह धरला, कारण एका चुकीच्या मुद्द्यामुळे वाचणाऱ्याला बाकीचे मुद्देही फेटाळणे सोपे जाते.

उरलेल्या दोन तक्रारी वेगळ्या होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७अ घालण्यात आला. यंत्राद्वारे होणाऱ्या वेगनियंत्रणाची ती आचारसंहिताच आहे. यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र असावे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, यंत्राच्या टप्प्याआधी सूचनाफलक ठळकपणे लावलेला असावा, चलानासोबत नंबरप्लेटसह छायाचित्र, यंत्राचे मोजमाप, दिनांक, वेळ आणि ठिकाण असावे, आणि गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांच्या आत सूचना पाठवली जावी, असे त्यात म्हटले आहे. नागरिकांवर जसे बंधन आहे तसे यंत्रणेवरही आहे, आणि अण्णांच्या रागातला ग्राह्य भाग इथे होता.

त्या घाटात पुन्हा जाऊन पाहिले. वेगमर्यादेचा ६० चा गोल फलक घाट सुरू होताना उभा आहे आणि तो स्पष्ट दिसतो. त्याबद्दल तक्रारीला जागा नाही. कॅमेऱ्याची सूचना देणारा निळा फलक मात्र पुढच्या वळणावर वडाच्या पारंब्यांआड आणि एका हॉटेलच्या जाहिरातीमागे होता. डाव्या मार्गिकेतून जाणाऱ्या चालकाला तो दोन सेकंदही दिसत नाही, उजव्या मार्गिकेतून अजिबात दिसत नाही. डाव्या आणि उजव्या दोन्ही मार्गिकांतून, चालकाच्या डोळ्याच्या उंचीवरून छायाचित्रे घेतली. आणखी एक खटकलेली गोष्ट अशी की कॅमेरा बसवलेला आहे तो उताराच्या शेवटच्या सरळ भागात, जिथे गाड्यांना आपोआप वेग येतो; ज्या दोन वळणांवर संरक्षक कठडा वारंवार वाकलेला दिसतो, तिथे काहीच नाही. ही निवड नियमभंग ठरत नाही, पण चालक सापडतील तिथे पकडायचे आणि अपघात घडतील तिथे सोडायचे, असा चालकांचा जो समज होतो, त्याला अशा मांडणीनेच खतपाणी मिळते. वेगनियंत्रणाविषयीची चीड केवळ बेशिस्त लोकांची असते असे मला वाटत नाही.

पंधरा दिवसांच्या सूचनेचे काय झाले, याचे उत्तर मात्र घरीच सापडले. नोंदीतला मोबाइल क्रमांक अण्णांचा नव्हताच. २०२० च्या नूतनीकरणाच्या वेळी फॉर्म भरणाऱ्या त्या वेळच्या एजंटाने आपला क्रमांक टाकला होता आणि चलानाचा संदेश वेळेत त्याच्या फोनवर गेला होता. असे हजारो गाड्यांच्या बाबतीत झाले असेल असे म्हणायला माझ्याकडे आकडा नाही, पण ओळखीच्या चार घरांत विचारले तर दोघांकडे हाच प्रकार निघाला. यंत्रणेच्या नोंदीपुरते बोलायचे तर सूचना पोहोचलेली होती. हा मुद्दाही म्हणून कमकुवत झाला, आणि ऑनलाइन क्रमांक बदलून घेण्याचे काम त्याच दिवशी उरकले.

मसुदा शेवटी दीड पानाचाच झाला. त्यात वेगाचे मोजमाप आम्ही नाकारत नाही, असे पहिल्याच वाक्यात लिहिले. मग नियम १६७अ मधील सूचनाफलकाच्या तरतुदीचा उल्लेख करून छायाचित्रे जोडली, आणि यंत्राच्या त्या वर्षीच्या प्रमाणपत्राची प्रत मागितली. अण्णांना हे पहिले वाक्य पराभवासारखे वाटले आणि त्यांनी ते दोनदा खोडले. मोजमापावर वाद घातला तर उत्तर फक्त मोजमापाबद्दल येईल आणि फलकाचा विषय बाजूला पडेल, हे पटल्यावर त्यांनी ते राहू दिले. चलान रद्द करण्याची विनंती एका ओळीच्या, कारण न देणाऱ्या उत्तराने नामंजूर झाली. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही, पण कारण न देणे खटकले. दंड भरला गेला, कारण नूतनीकरण त्यावर अडवून ठेवण्यात अर्थ नव्हता. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांहून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये झाले आहे, त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा, आणि मुदत उलटली तर विलंबशुल्क. त्या आकड्यांपुढे दोन हजारांचा वाद लहान होता.

गाडीची दुरुस्ती कशी करायची यावर मतभेद झाले. सरळ उपाय म्हणजे मूळ मापाचे टायर आणि नवा मीटर. पण टायर अजून निम्मे शिल्लक होते आणि गतिरोधकांवर पोट घासणे अण्णांना पुन्हा नको होते. म्हणून मीटर कारागिराकडे देऊन चुंबकात पुन्हा जोर भरून घेतला आणि मोटर लावलेल्या त्याच्या पाटावर काटा मोठ्या टायरच्या हिशेबाने लावून घेतला, असा की खरा वेग ६० असताना काटा ६२ दाखवेल. त्याच सरळ पट्ट्यावर दगडांशी पुन्हा पडताळा घेतला. काटा ६० वर धरल्यावर किलोमीटरला ६२ सेकंद लागले. अंतराचे आकडे दंतचक्रांवर असल्याने ते कमीच पडत राहणार. त्यासाठी डॅशबोर्डच्या खणात "अंतराच्या दर शंभरामागे सहा मिळवणे" अशी चिठ्ठी ठेवली आहे. ब्रेक ऑइल बदलले, मागच्या ड्रमची धूळ झाडून सेटिंग केले. न्यूट्रलची सवय गेली असे मी म्हणणार नाही, पण माझ्यासमोर तरी आता उतारावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये असते.

याच हिशेबातून एक जुना वाद अनपेक्षितपणे मिटला. टायर बदलल्यापासून गाडीचे अॅव्हरेज लिटरला अठरावरून सतरावर आले, असे अण्णा तीन वर्षे गॅरेजवाल्याला ऐकवत होते आणि त्यापायी एकदा प्लग, एकदा एअर फिल्टर आणि एकदा इंजेक्टरची सफाई झाली होती. सतरा किलोमीटर मीटरवरचे होते. खऱ्या अंतराने ते जवळपास अठराच भरतात. गॅरेजवाल्याला हे सांगितले तेव्हा त्याने मान हलवली, पण इंजेक्टरच्या सफाईचे पैसे परत करण्याचा विषय काढला नाही.

नूतनीकरणाच्या तपासणीत दिवे, हॉर्न, ब्रेक, चॅसी क्रमांक आणि प्रदूषणाचे प्रमाणपत्र पाहिले गेले. गाडी आवारात दुसऱ्या गिअरपर्यंतच चालवली गेली, त्यामुळे काटा वीसच्या पुढे गेला नाही आणि मीटरची अचूकता तपासली जाण्याचा प्रश्नच आला नाही. नोंदणी डिसेंबर २०३० पर्यंत वाढली. फलकाबद्दलची तक्रार रस्त्याची देखभाल करणाऱ्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली होती. पारंब्या छाटण्याचे काम पावसाळ्यापूर्वीच्या कामांत घेतले जाईल आणि जाहिरातीच्या फलकाबाबत जागामालकाला पत्र दिले आहे, असे त्यांचे उत्तर आले आहे. यंत्राच्या प्रमाणपत्राची प्रत अजून मिळालेली नाही. त्यासाठी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज अण्णांनी या वेळी माझ्या मदतीशिवाय लिहिला आणि त्याची पोच फाइलमध्ये लावली.